ठिबक, कंबर, वळण, तबेला

१

समुद्राचा तळ खणता येतो का, असं इथले लोक मला विचारतात. खाण बंद झाल्यापासून मी नागासाकीच्या बाजूला, चढावरच्या सरकारी घरात राहतो. शेजारी चांगले आहेत, मुळ्याचं लोणचं आणून देतात, पण खाण त्यांनी पाहिलेली नाही. त्यांना वाटतं, आम्ही बुड्या मारून कोळसा काढत होतो. एकाने तर विचारलं, आजोबा, आत मासे नव्हते का येत?

खणता येतो. बेटावर आधी सरळ खाली विवर पाडायचं. त्यातून पिंजऱ्यात उभं राहून उतरायचं. मग तिथून समुद्राच्या दिशेने तिरकी वाट खणत जायचं, उतरत उतरत. डोक्यावर खडक, खडकावर गाळ, गाळावर पाणी, पाण्यावर बोटी. मोठी बोट वरून गेली की तिच्या पंख्याची घरघर छतातून कळायची. वादळ झालं की तळावरचे धोंडे गडगडायचे. आम्ही जेवायला बसलेले असायचो आणि डोक्यावरून कोणी ओंडके लोळवत नेतंय असं वाटायचं. नव्या माणसाचा भाताचा गोळा हातातच राहायचा. जुने लोक त्याला म्हणायचे, खा रे, वरचे भाडेकरू सामान हलवताहेत.

तेव्हा खणणं जमतं. परत वर येणं सगळ्यांना जमत नाही, एवढंच.

आमच्या बेटाचं नाव कामासे. मी तिथे तरुणपणापासून कोळसा खणला. पुढे छातीत धूळ बसली, चार घाव घातले की दम लागायला लागला, तेव्हा मला पंपांवर घातलं. काम सोपं होतं. कोळशाच्या रिकाम्या डब्यात बसून उताराच्या तळाशी जायचं आणि वर चालत यायचं. वाटेत प्रत्येक पंपाशी थांबायचं. यंत्रावर हात ठेवून गरम झालंय का बघायचं. मग छतातून गळणारं पाणी बोटावर घेऊन चाखायचं. गोडं असेल तर ते डोंगराचं पाणी, काळजी नाही. खारं असेल तर समुद्राने वाट शोधली. मला लिहिता येत नाही, म्हणून पाटीवर नोंद करायच्या ऐवजी मी तिथल्या फोनवरून वर सांगायचो. जागेचं नाव आणि पाण्याची चव. “ठिबक, गोडं.” “कंबर, गोडं.” बस.

जागांची नावं आमच्या आधीच्यांनी पाडलेली. ठिबकला छत बारा महिने गळायचं. कंबर म्हणजे म्हातारीची कंबर, तिथे छत इतकं खाली की पहिलवानालाही म्हातारीसारखं वाकून जावं लागायचं. वळणावर वाट खेकड्यासारखी आडवी व्हायची. तबेल्यात पूर्वी डबे ओढणारे घोडे बांधत. घोडे गेले, वास राहिला. तबेल्यानंतर पिंजरा, आणि पिंजऱ्यानंतर उजेड. ठिबकच्या खाली, समुद्राच्या अंगाला, आणखी दोन जागा होत्या. दुकान, म्हणजे जिथे बसून सगळे जेवायचे. आणि अगदी टोकाला, जिथे कोळसा खणायचं चालू असायचं, तो शेंडा.

माझा धाकटा भाऊ इसाबुरो शेंड्यावर होता.

२

आमच्याकडे खाणीत माणूस गेला की त्याला वर आणताना जागांची नावं सांगत आणतात. अंधारात गेलेल्याला वर कुठलं आणि खाली कुठलं, ते उमजत नाही. न सांगता आणलं तर देह वर येतो आणि तो स्वतः खालीच बसून राहतो, पाळी संपायची वाट बघत. म्हणून मुकादम पुढे चालतो आणि गेलेल्याचं नाव घेऊन सांगतो, अमक्या, कंबरेशी आलो रे. त्याला ठेवलेली फळी धरणारे चौघे त्याच्या वतीने म्हणतात, आलो. असं पार उजेडात येईपर्यंत.

घरचं माणूस मागून चालतं. त्याने तोंड उघडायचं नसतं. घरच्याने हाक दिली तर गेलेला फळीमागून येत नाही, त्या माणसाच्याच मागे लागतो.

त्या वर्षी शरदातलं वादळ मोठं झालं. वरचे भाडेकरू तीन-चार दिवस सामान हलवत होते. मुकादम तोरामात्सुने साहेबांना सांगितलं होतं म्हणे, की शेंड्याचं काम दोन दिवस थांबवू. साहेब म्हणाले, बघू. ते बघत असतानाच शेंड्याचं छत फुटलं.

तिथे सातआठ जण होते. बाकीचे पळाले. सगळ्यात पुढे दोघं होते, इसाबुरो आणि त्याचा जोडीदार गेन्साकु. त्यातला एक पाण्याबरोबर दुकानापर्यंत वाहत आला, आणि लोकांनी त्याला गळ टाकून ओढून घेतलं. तोंड राहिलं नव्हतं. पण अंगात जाड शिवणीचा अंगरखा होता, खांद्यावर निळ्या दोऱ्याने ठिगळ लावलेला. ते ठिगळ माझ्या भावजयीने, कियोने लावलेलं. मी ओळखलं, सगळ्यांनीच ओळखलं.

तोरामात्सुचा आवाज खाणीत सगळ्यात मोठा. लग्नात गायला लागला तर बायका कानावर हात ठेवायच्या. तो पुढे झाला आणि म्हणाला, इसाबुरो, दुकानातून निघालो रे. चौघे म्हणाले, आलो. मी मागून चाललो. आई गेली तेव्हा इसाबुरो पाठुंगळी बसायच्या वयाचा होता, तो माझ्याच पाठीवर वाढला. मी दात आवळून चाललो, तोंड उघडलं नाही.

ठिबकशी आम्हाला कडेला उभं राहावं लागलं. खाली विटांचे डबे चालले होते. पाणी अडवायच्या भिंतीसाठी विटा, वाळू, सिमेंट. वाट अरुंद, दोघं एकदम जाणार नाहीत. फळी आमच्या हातात, आणि तरी विटांना आम्ही वाट दिली.

३

खाणीतल्या माणसाला आंघोळ घालणं सोपं नसतं. कोळसा कातडीत जातो. कियोने शेजारणींना बाहेर बसवलं आणि मला पाणी ओतायला घेतलं. तिने पायापासून सुरुवात केली. डाव्या पायावरून हात फिरवला, परत फिरवला, आणि थांबली.

इसाबुरोच्या डाव्या पायाचं मधलं बोट लहानपणीच होडीच्या दोरात गेलं होतं. या पायाला पाचही बोटं होती.

ती रडली नाही. पाय खाली ठेवला, पंच्याने पुसला, आणि म्हणाली, “भावोजी, हे गेन्साकु आहेत.”

मागून कळलं. गेन्साकुला त्या सकाळी हुडहुडी भरली होती. इसाबुरोने अंगरखा काढून त्याला घातला, आणि स्वतः उघड्याने खणत राहिला. असाच होता तो. दुसऱ्याला थंडी वाजली की याला उकडायचं.

मी तोरामात्सुला बोलावून आणलं. तो दारातच बसला, आत आला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तोंड ओळखू येत नव्हतं, अंगरखा दिसला, आम्ही काय करणार, असं तो दोन-तीनदा म्हणाला. मी विचारलं, भिंत? तो म्हणाला, ठिबकच्या खाली दुहेरी बांधून झाली, दुपारीच. वाळली नाही अजून, पण पाणी थोपलंय.

कियोने विचारलं, “वर येताना तुम्ही त्यांचं नाव घेत होतात ना? प्रत्येक ठिकाणी?”

तो म्हणाला, हो.

“मग त्यांनी ऐकलं असेल. आपलं नाव वर निघालंय.”

“अगं वहिनी, छत फुटलं तेव्हाच तो गेला. काय ऐकणार?”

“गेले असतील,” कियो म्हणाली, “तर मग ऐकलंच असेल.”

तोरामात्सुने टोपी उचलली आणि परत गुडघ्यावर ठेवली. त्यालाच ही रीत आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि जिवंत असला तर, हे कोणीच बोललं नाही. ते त्या खोलीत आमच्या तिघांच्या मधे, गेन्साकुच्या शेजारी, पडून राहिलं.

४

सातवा दिवस झाला आणि मी कामावर गेलो. घरी बसून तरी काय करायचं होतं. उताराचा तळ आता ठिबकलाच होता. त्याच्या खाली चार पावलांवर भिंत, अजून ओलसर, सिमेंटचा वास मारणारी. मी तिच्याकडे पाठ करून पंपावर हात ठेवला, पाणी चाखलं, फोन उचलला. ठिबक, गोडं.

वरच्या फोनवर हात्सुए नावाची पोरगी होती. तोंडाने तिखट. रोज मला विचारायची, तोमोकाका, आज पाण्यात साखर किती? त्या दिवशी तिने थट्टा केली नाही, माझ्या घरात दुखवटा होता. तिने एवढंच विचारलं, आज जोडीला कोण दिलंय?

मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, बरं, मला वाटलं मागून कोणी बोललं.

फोनची तार जुनी होती. कधी कधी दुसऱ्या बाजूच्या बोगद्यातलं बोलणं तिच्यात घुसायचं. मी तसंच धरून वर निघालो. कंबर, गोडं. वळण, गोडं. तबेला, गोडं.

दुसऱ्या दिवशी ठिबकशी फोन ठेवला आणि मीच ऐकलं.

पंपाचा आवाज मोठा असतो, धाड धाड चालू असतो, त्यात माणूस हवं ते ऐकतो. म्हणून मी पंप क्षणभर बंद केला. छताचं पाणी गळत होतं. नळात हवा अडकली की ती उसासा टाकल्यासारखी सुटते, ते मला माहीत होतं. माझीच छाती सुद्धा चालताना शीळ घालते, तेही माहीत होतं. मी छाती दाबून धरली. मग परत हळूच म्हणालो, ठिबक.

“आलो.”

भिंतीच्या पलीकडून नव्हे. भिंतीच्या अलीकडून, माझ्या आणि तिच्या मधल्या त्या चार पावलांतून. दमलेल्या माणसाचा आवाज होता, ओझं खांद्यावर असताना बोलावं तसा तुटक. दिवा वळवला तर तिथे ओली जमीन, आणि काही नाही.

मी पंप चालू केला. हात खिशात घालून मी स्वतःला समजावत चाललो. भाऊ गेला की महिनाभर दारात चप्पल वाजते, हे कोणाला होत नाही? मनाला वाटतं ते कानाला ऐकू येतं. कंबरेशी वाकून गेलो, वर निघालो, फोन उचलला. कंबर, गोडं. काही आवाज नाही. वळण, नाही. तबेला, नाही. मला हसू आलं. रडूही आलं, पण हसू आधी आलं.

तिसऱ्या दिवशी ठिबकला काहीच ऐकू आलं नाही. बोटावर पाणी घेतलं, तर खारं.

आणि कंबरेशी फोन ठेवला, तेव्हा मागून, वाकलेल्या माणसाचा जसा आवाज दबतो तसा दबून, कोणीतरी म्हणालं, “आलो.”

५

मी तोरामात्सुला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार. ठिबकला खारं पाणी लागलं हे त्याला वरून कळलंच होतं. साहेब भिंत बघून गेले होते. भिंत धड होती, तडा नाही, ओल नाही. पाणी भिंतीतून येत नव्हतं. ते कुठून येत होतं ते कोणालाही सांगता येईना.

तो माझ्याबरोबर फेरीला आला. आधी स्वतःच फोन उचलून बोलला. कंबर, खारं. आम्ही उभे राहिलो. काही नाही. मग त्याने वळणावरचा फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, वळण.

उत्तर आलं तेव्हा मी तोरामात्सुच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच्या गालाचं हाड हललं. आमच्या पायाशी जमीन कोरडी होती, ती आमच्या देखत काळी होत आली.

“मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला. “आणि तूही ऐकलं नाहीस. लोकांना कळलं तर उद्या एकजण पिंजऱ्यात पाय ठेवणार नाही.”

पिंजऱ्याशी आल्यावर तो म्हणाला, की त्याने वर नेलेलं नाव चुकीचं होतं, ते त्याच्या माथी. पण इसाबुरोला वाट आता माझ्या तोंडून कळत होती. रोज एकेक जागा मीच सांगत होतो, घरचा माणूस, खालून वर. तो निघाला होता तो माझ्या मागे. आणि तो जिथून निघाला होता तिथलं सगळं त्याच्याबरोबर निघालं होतं.

मी म्हटलं, मग मला फेरीवरून काढ. मी बोललो नाही तर थांबेल.

त्याने काढलं. दुसऱ्या माणसाला पाठवलं. तो माणूस पाटीवर लिहून आणायचा. आवाज कोणाला आला नाही, पण वळणाशी पाणी घोट्यापर्यंत चढलं, मग पोटरीपर्यंत. पंप उपसत होता तेवढंच परत भरत होतं. इसाबुरो तिथे उभा होता. पुढची जागा कोणी सांगेल म्हणून वाट बघत उभा होता, आणि पाणीही त्याच्याबरोबर उभं होतं.

तबेल्यापासून उत्तरेकडे दुसरा बोगदा फुटतो. पाळीची सगळी माणसं तिकडे खणत होती. पाणी तबेल्यापर्यंत चढलं असतं तर त्यांना वर यायला वाट नव्हती. काम थांबवा म्हणून तोरामात्सु परत साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, पंप वाढवू.

६

कियोला हात्सुएने सांगितलं. पोरींच्या पोटात काही राहत नाही.

मी गेलो तेव्हा ती जेवत होती. भातावर रस्सा ओतून, कालवून खात होती. खाणीवाल्याच्या घरात भातावर रस्सा कोणी ओतत नाही. डोंगर खचल्यासारखं दिसतं ते. पोरानेही ओतला तर आई थाळी ओढून घेते. कियो माझ्याकडे बघत जेवत राहिली. शेजारी नवा अंगरखा पडला होता, अर्धा शिवलेला, सुई त्यातच.

“कुठवर आलेत?” तिने विचारलं.

मी म्हटलं, कोण?

“भावोजी, मला थकवू नका. कुठवर आलेत?”

मी म्हटलं, वळणाशी.

तिने घास गिळला. म्हणजे तबेला राहिला आणि पिंजरा, असं ती बोटांवर न मोजता म्हणाली. मग अंगरखा ओढून मांडीवर घेतला. बाहीचं माप माझ्या हातावर धरून पाहिलं, आम्हा दोघांचे हात सारखे होते. थंडी वाजत असेल, म्हणाली. उघडेच आहेत ना?

मी तिला पाण्याचं सांगितलं. उत्तरेच्या बोगद्यातल्या माणसांचं सांगितलं, त्यांत तिचा मामेभाऊ होता. ज्याच्यासाठी तू शिवते आहेस तो आता अंगरखा घालेल का, कियो, तूच सांग, असं म्हटलं. ती टाके घालत होती. मी बोलायचा थांबलो तरी घालत होती.

“मी म्हणते त्यांना वर आणा,” ती म्हणाली. “कसे असतील तसे आणा. मी बघेन.”

“आणि खाण?”

“विटा खाली नेताना कोणी मला विचारायला आलं होतं? मग खाणीचं मला कशाला विचारता?”

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, उद्या सकाळी मी पिंजऱ्याशी उभी राहीन.

७

सकाळची पाळी उत्तरेला गेली. मी डब्यात बसलो नाही. तोरामात्सुने मला पिंजऱ्यातून उतरवलं आणि तो तिथेच थांबला. दोघांनी जाऊन उपयोग नव्हता.

तबेल्यापासून मी चालत खाली निघालो. त्या वाटेने आयुष्यभर मी चालत वरच आलो होतो. उलट चालताना खांब अनोळखी वाटतात. थोड्याच वेळात पायाखाली पाणी लागलं, मग गुडघ्याशी आलं. गार नव्हतं. शरदातल्या समुद्राचं पाणी जसं वरून गार आणि आतून कोमट असतं, तसं आतलं.

वळणाशी वाट आडवी होते. समोरून कोणी आलं तर दोघांनी पाठ भिंतीला लावून, पोटाला पोट घासत निघायचं. मी कपाळावरचा दिवा तळव्याने झाकला. बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता, तेवढाच.

मी म्हणालो, “इसाबुरो, वळणाशी आलो रे.”

“आलो.”

हातभर अंतरावरून. आवाज इतका ओळखीचा की माझ्या तोंडून, जेवलास का, असंच निघायला आलं होतं. मी कोळशाकडे तोंड केलं आणि सरकत राहिलो. पाठीला काहीतरी घासून गेलं. ओलं, पण ओल्या कपड्याचं नव्हे. मग मी त्याच्या खाली होतो, आणि तो माझ्या मागे.

मी म्हणालो, “चल.” आणि समुद्राकडे निघालो.

माझ्या मागे पाण्यात पाय पडत होते. मी थांबलो की थांबत होते. लहानपणी बाजाराला जाताना असाच मागे मागे यायचा, माझ्या पाठीकडे बघत, रस्त्याकडे न बघता. मी मनाशी म्हणत होतो की हा माझ्याच पावलांचा पडसाद आहे. बोगद्यात पडसाद येतो. पाण्याने तर येतोच.

कंबरेशी वाकावं लागतं. मान खाली, हात गुडघ्यावर. त्या घाईत मी दिव्यावरचा हात काढला. वाकलेल्या माणसाच्या कपाळाचा दिवा त्याच्याच पायांमधून मागे पडतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

पाय दिसले. एवढंच दिसलं, गुडघ्याखालचं. उघडे होते, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे पांढरे. डाव्या पायाला मधलं बोट नव्हतं. आणि पाणी त्या पायांवरून खाली ओघळत नव्हतं. वर चढत होतं. वातीत तेल चढावं तसं, हळूहळू, थांबल्याशिवाय.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, “इसाबुरो, कंबरेशी आलो रे.”

“आलो.”

“ठिबकशी आलो रे.”

“आलो.”

भिंतीशी पोचलो तेव्हा पाणी माझ्या छातीशी होतं. मी भिंतीवर कपाळ टेकलं. भिंतीला काही नाव नव्हतं. आमच्या आधीच्यांनी ते पाडलंच नव्हतं, मग सांगू काय? म्हणून मी ती गाळली आणि पुढचं सांगितलं.

“दुकानाशी आलो रे.”

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते विटांच्या पलीकडून आलं. बारीक झालेलं. माझ्या छातीशी असलेलं पाणी कमरेवर उतरलं होतं.

एकच जागा राहिली होती. मला ती म्हणवेना. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. पलीकडे तो थांबला होता, पुढची जागा दादा सांगेल म्हणून. उत्तरेकडून डब्यांची खडखड ऐकू येत होती, तिकडे माणसं काम करत होती, कोणी तरी शिवी देऊन हसत होतं.

मी म्हणालो, “शेंड्याशी आलो रे, इसाबुरो. पोचलो.”

लांबून, फार लांबून, तो म्हणाला, “आलो, दादा.”

८

वर येताना मी एकाही जागेचं नाव घेतलं नाही. मनातही नाही. पाणी पायाखालून आधीच खाली ओसरून गेलं होतं. पंपाशी थांबलो नाही, फोन उचलला नाही. हात्सुए सांगत होती की त्या सकाळी ठिबकचा फोन, कसा कोण जाणे, उचललेला राहिला होता आणि तिने सगळं ऐकलं. तिने त्यावरून मला कधी चिडवलं नाही. साखर किती, हेही परत कधी विचारलं नाही.

कियो पिंजऱ्याच्या तोंडाशी उभी होती. पाऊस नव्हता तरी अंगरखा पदराखाली धरल्यासारखा छातीशी धरला होता, भिजू नये म्हणून. जाळी उघडली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे पाहिलं. पिंजरा रिकामा परत खाली गेला तरी ती तिथेच बघत राहिली. मग घरी गेली.

पाणी गोडं झालं. साहेबांनी नव्या पंपांचं कौतुक केलं आणि पंपवाल्यांना संत्र्याच्या फोडींचे डबे वाटले. मला दोन मिळाले. उत्तरेला कोळसा निघत राहिला, आणि आणखी काही वर्षांनी, तेल स्वस्त झालं तेव्हा, कंपनीने स्वतःच पंप बंद करून सगळी खाण समुद्राला देऊन टाकली. पंप बंद करण्याआधी सगळ्यांना वर घेतलं होतं. त्यांनी तसं सांगितलं.

कियो त्याच्या आधीच बेट सोडून गेली. हिवाळा सरला आणि ती माहेरी जायला निघाली, गोतोच्या बेटांकडे. मधल्या दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी धक्क्यावर गाठोडं घेऊन गेलो. बोटीची शिट्टी झाली, लोक चढायला लागले. तिने गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, “भावोजी, खाली नेताना ते आलो म्हणत होते?”

मी म्हणालो, हो.

“प्रत्येक ठिकाणी?”

“प्रत्येक ठिकाणी.”

तिने मान हलवली. जणू एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

“अंधारात काय कळतंय,” ती म्हणाली. “त्यांना वाटलं असेल, तुम्ही त्यांना घरीच आणताय.”

मग ती फळीवरून बोटीत गेली.